प्रति: अशी संघटना फक्त कल्पनेतच?

अवकाशातल्या वस्तूंची शिकार करणारी गुप्त टोळी, परग्रहवासी हे सगळं फक्त विज्ञानकथेत सापडतं, असं इथे एकाने म्हटलंय. लुनिक या सोव्हिएत चांद्रयानाचं अपहरण विसरलात वाटतं!

१९५९-६० मध्ये सोव्हिएत संघाचं प्रदर्शन देशोदेशी फिरत होतं. त्यात चांद्रयानाचा वरचा टप्पा होता, नमुना नव्हे, खराखुरा. इंजिन आणि बहुतेक विद्युत भाग तेवढे काढलेले. मेक्सिकोत सीआयएने रेल्वे स्टेशनकडे निघालेला त्याचा ट्रक रातोरात भंगारवाड्याकडे वळवला. चौघांनी खोक्याचं छप्पर उचकटलं, बूट काढून आत उतरले, फोटो काढले, खुणा-आकडे टिपले. मधे एक प्लॅस्टिकचं सील आडवं आलं. ते तोडलं आणि त्याच रात्री हुबेहूब दुसरं बनवून लावलं! पहाटे खोकं पुन्हा ट्रकवर. स्टेशनवरच्या सोव्हिएत पहारेकऱ्याकडे खोक्यांची यादीच नव्हती, त्यामुळे बोंब झाली नाही. (महासत्तेचा कारभारही आपल्यासारखाच.)

आणि गुप्ततेचं म्हणाल, तर अमेरिकेच्या हेरउपग्रहांची संस्था, एनआरओ, १९६१ मध्ये स्थापन झाली. ती अस्तित्वात आहे हे सरकारने कबूल केलं थेट १९९२ मध्ये. परग्रहवासी वगैरे मात्र मलाही मान्य नाहीत.