नाताळ म्हणजे नुसता ‘आनंद वाटण्याचा सण’ नव्हे!

पैलतीर:
कालच्या त्या पोस्टवर दोन ओळी खरडून गप्प बसणार होते, पण राहवेना. नाताळचा आध्यात्मिक अर्थ म्हणे ‘प्रेम, कुटुंब आणि देण्यातला आनंद’, आणि बाळ येशू त्याचं निमित्त. खाली बदामांचा पाऊस. निमित्त? प्रेमाने राहा एवढं सांगायला देवाने जन्म कशाला घ्यायला हवा होता? ते कुठलीही आजी सांगते.
ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे त्या रात्री देव माणूस झाला. माणसाचं सोंग घेतलं नाही, झाला. भुकेने रडणारा, मान न धरणारा, कुणी उचलून घेतलं नाही तर जगणार नाही असा. योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. शब्द, म्हणजे स्वतः देव, देही झाला, बस्स. प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीला पत्रात लिहितो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं. सगळा सण या दोन वाक्यांवर उभा आहे. आणि मत्तयाचा दुसरा अध्याय शुभेच्छापत्रांवर का छापत नाहीत? येशूला संपवायला हेरोद राजा बेथलेहेमातली बाळं मारतो, योसेफ रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर देशात पळतो. कुटुंबाचा आनंद म्हणे!

खडूस_वाचक:
भाषण छान. पण ज्या तारखेचा बायबलात पत्ताच नाही तिला आध्यात्मिक अर्थ कुठून आणणार? २५ डिसेंबर हा रोमच्या सूर्यदेवाचा दिवस. ऑरेलियन बादशहाने २७४ साली त्याचं देऊळ बांधलं, पुढे चर्चने दिवस ढापला. विषय संपला.

तळटीप:
आला, दरवर्षीचा सूर्यदेव आला. अहो, २५ डिसेंबरला ‘अजिंक्य सूर्या’चा सण असल्याची सर्वांत जुनी नोंद ३५४ सालच्या रोमन पंचांगात आहे, आणि त्याच पोथीत त्याच तारखेला ख्रिस्तजन्मही नोंदलाय. देऊळ बांधलं हे खरं. ते २५ डिसेंबरलाच, हे मागाहून जोडलेलं. मग कुणी कुणाचं ढापलं ते तुम्ही कशावरून ठरवलंत? शिवाय दुसरा हिशोब आहे. गर्भधारणा आणि क्रूसावरचा मृत्यू एकाच तारखेला, २५ मार्चला, अशी समजूत होती. संत ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताने ती लिहून ठेवलीय. त्यात नऊ महिने मिळवा.

खडूस_वाचक:
म्हणजे सूर्य नाही तर बेरीज. वा! मग आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र पाळतं, त्यांची बेरीज चुकली का? खुद्द बेथलेहेमात तीन नाताळ होतात: २५ डिसेंबर, ७ जानेवारी, १९ जानेवारी. आणि तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन सांगून गेलाय की शास्त्रात वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोद, संत नव्हेत. घ्या.

पैलतीर:
तारखेबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण चालू द्या, तुम्हाला तेवढंच येतं.

जुनी_खोडी:
ओरिजेन निघालाच म्हणून सांगतो. आमच्या घरात नाताळ नव्हता. आजोबा म्हणायचे, प्रभूने आठवण करायला सांगितलं ते मरणाच्या आदल्या रात्री, भाकर मोडताना. जन्मदिवसाबद्दल आज्ञा नाही. २५ तारखेला आम्हाला मुद्दाम गणितं सोडवायला बसवत. बाहेर कॅरोल चालू आणि आम्ही त्रैराशिकात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, त्या कडक प्रोटेस्टंटांनी, तर १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, तो १६८१ पर्यंत होता. अतिरेक, कबूल. पण मार्काचं शुभवर्तमान जन्माशिवाय सुरू होतं आणि त्याचं काही अडत नाही. पुनरुत्थान काढा, मग बघू काय उरतं.

तळटीप:
पुनरुत्थानाला आधी मरण लागतं आणि मरणाला अंग लागतं. बिशप अथानेशियस चौथ्या शतकात याच मुद्द्यावर भांडत होता. आजोबांना सांगा.

जुनी_खोडी:
आजोबा वारले. तुम्हीच वर गेल्यावर सवडीने सांगा.

आगाऊ:
यापेक्षा मोठा प्रश्न, वर्षातून एकदा उगवणारे! मध्यरात्रीच्या मिस्सेला पुढचे बाक अडवतात, ऐन कम्युनियनला फोन वाजतो, आणि दर रविवारी येणारे आम्ही मागे भिंतीला टेकून उभे. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचे, चार रविवार यांनी पाहिलेलेच नसतात. वेदीवर जांभळं कापड का, विचारा, सजावट म्हणतील.

वर्षातून_एकदा:
बाक अडवणारा तो मीच. घटस्फोटानंतर उपासनेला गेलो की आधी नजरा, मग ‘कसं चाललंय?’, मग सल्ले. सोडून दिलं. त्या एका रात्रीच्या गर्दीत कुणी विचारत नाही म्हणून येतो. लूक सांगतो, बातमी आधी कळली ती रानात रात्रीचे कळप राखणाऱ्यांना. त्यांची हजेरी कुणी मांडली होती? बाक हवा असेल तर देतो.

आगाऊ:
बाक ठेवा. फोन बंद करा.

रात्रपाळी:
मी प्रसूतिकक्षात नर्स आहे, धर्मशास्त्र वाचलेलं नाही. एका नाताळच्या रात्री बाळ आलं ते निळसर, रडेचना. पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, नाकातोंडातला चिकटा ओढून काढला, तेव्हा कुठे बारीकसं केकाटलं. तोवर आईने माझं मनगट सोडलं नव्हतं, नखं रुतली होती. देव जन्मला असेल तर असाच कुणाच्या तरी हातात आला असणार, माखलेला. देखाव्यातलं बाळ मात्र जन्मतःच गुबगुबीत, हात पसरून आशीर्वाद देतंय. चीड येते.

तळटीप:
असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चोला देखावा मांडला तेव्हा गव्हाणीत गवत आणि शेजारी खरा बैल, खरं गाढव होतं. गुळगुळीतपणा नंतरचा.

रिकामी_खुर्ची:
पैलतीर, मला तुमचंही खटकलं. गोड नाताळ नको म्हणता आणि हेरोदाची बाळं मुद्द्यासाठी वापरता. माझा मुलगा गेला त्या डिसेंबरात एक पाळक म्हणाले, ‘देवानेही आपला पुत्र दिला.’ त्याचा तिसऱ्या दिवशी परत आला हो. चर्च २८ डिसेंबरला त्या बाळांचा दिवस पाळतं. पळून जा सांगणारं स्वप्न एकट्या योसेफाला पडलं, बाकीच्या आयांकडे देवदूत गेला नाही. देव देही झाला याचा त्या आयांना काय अर्थ, ते सांगा. मत्तय निदान लेकरांसाठी राहेलीचं, जुन्या करारातल्या त्या आईचं, रडणं लिहितो, ती सांत्वन पावेना म्हणतो आणि पुढे काही समजावत बसत नाही.

पैलतीर:
याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच, की तेव्हा वाचलेलं बाळही शेवटी सत्तेच्याच हातून मेलं. त्याचं मरण टळलं नाही, लांबलं. म्हणून मला गव्हाणी आणि क्रूस वेगळे काढता येत नाहीत. हे उत्तर नव्हे, माहीत आहे.

रिकामी_खुर्ची:
नव्हेच. पण त्या पाळकांपेक्षा बरं.

जुनी_खोडी:
म्हणजे फिरून क्रूसावरच आलात ना? आजोबा बरोबर होते.

पैलतीर:
आजोबांचे पाच शिलिंग माझ्याकडून.

खडूस_वाचक:
बरं बाई, तारखेवाचून जन्माला अर्थ आहे, मान्य. एकदाचं मान्य! आता तरी कुणी सांगेल का, आर्मेनियनांची बेरीज चुकली की नाही?

तळटीप:
नाही चुकली. पूर्वेकडे काही जण मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत. मिळवा नऊ महिने.

खडूस_वाचक:
बोटांवर मोजलं. ६ जानेवारीच येते. छळ आहे नुसता.