आठ जण गेले! ओहायो स्टेटचा बचाव यंदा टिकणार का?

कोलंबसकर (१६ ऑगस्ट २०२५)

टेक्सासचा सामना चौदा दिवसांवर आला, तरी इथे कोलंबसमध्ये सगळे अजून जानेवारीच्याच धुंदीत आहेत. २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून ओहायो स्टेट विद्यापीठाने कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद आणलं, ते मीही डोळे भरून पाहिलं. पण त्या मोसमात बचावाला जे अकरा जण उतरायचे त्यांतले आठ आता नाहीत. आठ! एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) आठच्या आठ जणांना एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, संघांनी उचललं.

नावं घेतो म्हणजे भगदाड किती मोठं आहे ते कळेल. पुढच्या फळीतले चौघेही गेले: जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआऊ, टायलीक विल्यम्स, टाय हॅमिल्टन. मधल्या फळीतून सगळ्यांना हाका मारणारा लाईनबॅकर कोडी सायमन गेला. मागच्या फळीतून डेन्झेल बर्क, जॉर्डन हॅनकॉक आणि लेथन रॅन्सम गेले. उरले केलेब डाउन्स, सनी स्टाइल्स आणि डेव्हिसन इग्बिनोसन.

(हा खेळ नवा असेल त्यांच्यासाठी: चढाईवाल्यांना दहा यार्ड सरकायला चार प्रयत्न मिळतात. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. बचावाचं सगळं राजकारण या चार प्रयत्नांत असतं.)

गेल्या मोसमात या बचावाने सामन्यामागे सरासरी १२.९ गुण आणि २५४.६ यार्ड दिले, दोन्हीत देशात सर्वांत कमी. हे नुसत्या अंगच्या गुणांवर झालं असं मला वाटत नाही. यातले बरेच जण वर्षभर आधीच एनएफएलला जाऊ शकले असते. मिशिगनला न हरवता जायचं नाही म्हणून थांबले. (मिशिगनला हरवलं नाहीच, तो भाग वेगळा.) सायमन, हॅमिल्टन, रॅन्सम २०२० पासून इथे होते. शेजारचा कुठे चुकणार आहे हे त्यांना न बघता कळायचं.

आणि कॉटन बोल, म्हणजे उपांत्य सामना, आठवा. १० जानेवारी, समोर टेक्सास, २१-१४, दोन-सव्वादोन मिनिटं उरलेली, टेक्सासचा आठ यार्डांवरून चौथा प्रयत्न. सॉयरने त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्विन युअर्सला, गाठलं, चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. हा युअर्स २०२१ मध्ये इथे होता तेव्हा सॉयरचाच रूममेट होता! असला माणूस बाकावर तयार होत नाही.

वर बचावाचे प्रशिक्षक जिम नोल्सही गेले, तेही आमच्याच कॉन्फरन्समधल्या (गटातल्या) पेन स्टेटला. त्यांच्या जागी मॅट पॅट्रिशिया.

माझं म्हणणं सरळ आहे. यंदा हा बचाव सामन्यामागे विसाच्या घरात गुण देईल. लिहून ठेवा.

आकडेमोड (१६ ऑगस्ट)

लिहून ठेवलं.

कोलंबसकर, तुम्ही गेलेल्यांची यादी दिलीत, येणाऱ्यांची दिलीच नाहीत. केडन करी आणि केनयाटा जॅक्सन २०२२ ला आलेत. तीन वर्षं सॉयर-तुइमोलोआऊच्या पाठीमागे उभे राहून आलटून पालटून खेळलेत. त्यांना नवखे म्हणायचं? कायडन मॅकडॉनल्ड, आर्व्हेल रीस, जर्मेन मॅथ्यूज २०२३ चे. यातला कुणीही दुसऱ्या कॉलेजात गेला असता तर पहिल्याच वर्षी मैदानात दिसला असता. आणि पुढच्या फळीचे प्रशिक्षक लॅरी जॉन्सन २०१४ पासून तिथेच आहेत. कारखाना तोच, माल नवा.

आता दाखला. २०२१ चा जॉर्जिया. विजेतेपदानंतर त्यांच्या बचावातले पाच जण ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत गेले, ट्रॅव्हॉन वॉकर तर पहिल्या क्रमांकावर. बचावाचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग ओरेगॉनला गेले. म्हणजे अगदी तुमचंच दुखणं, उलट अधिक जालीम. पुढच्या वर्षी काय झालं? १५-० (पंधरा विजय, पराभव एकही नाही), आणि अंतिम सामन्यात टीसीयूला ६५-७.

निळा-पिवळा (१६ ऑगस्ट)

अ‍ॅन आर्बरहून, म्हणजे मिशिगनच्या गोटातून, नमस्कार. १३-१०. बस, गेल्या मोसमात तुम्हाला हरवलं तो निकाल, सवयीने लिहिलं गेलं.

आकडेमोड, दाखले सोयीचे तेवढेच काढताय. लुइझियानाचा एलएसयू घ्या. २०१९ ला १५-० करून विजेते. खेळाडू गेले, बचावाचे प्रशिक्षक डेव्ह अरांडा बेलरला गेले, त्यांच्या जागी बो पेलिनी आले. २०२० च्या पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या के. जे. कॉस्टेलोने त्यांच्यावर ६२३ यार्ड फेकले. एसईसीचा, म्हणजे त्यांच्या कॉन्फरन्सचा, विक्रम! वर्षअखेर ५-५. नवा प्रशिक्षक, नवी पद्धत, एनएफएलचा अनुभव... ओळखीचं वाटतंय का काही?

आमचंच सांगतो, लाज कसली. २०२३ ला १५-०, मग बचावाचे प्रशिक्षक जेसी मिंटर एनएफएलच्या चार्जर्सला गेले, आम्ही ८-५ वर आलो. तरी शेवटी तुमच्या अंगणात येऊन तुम्हाला दहा गुणांवर रोखलंच म्हणा.

आकडेमोड (१६ ऑगस्ट)

तुम्हीच तुमचा मुद्दा खोडलात. ८-५ झालात ते क्वार्टरबॅक नव्हता म्हणून. बचाव चांगलाच होता, नाहीतर ते १३-१० कुठून आलं असतं?

निळा-पिवळा (१६ ऑगस्ट)

हे मान्य. पण त्या बचावात मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट मधोमध होते, दोघेही अनुभवी. तुमचं मधोमधच रिकामं झालंय.

डावा कोपरा (१७ ऑगस्ट)

मला या खेळातलं दोन वर्षांपूर्वीपर्यंत ओ की ठो कळत नव्हतं. डेटनला प्रकल्पावर आलो आणि शेजाऱ्याने नाद लावला. पण कबड्डी जिल्हा पातळीवर खेळलोय, त्यावरून सांगतो.

कबड्डीत सगळे कोपऱ्यांकडे बघतात, कारण पकड तिथे होते आणि टाळ्या तिथे पडतात. खरा घोटाळा कव्हरवाला चुकला की होतो. कोपऱ्याने घोट्याला हात घातला आणि कव्हर अर्धा सेकंद उशिरा आला तर चढाईवाला कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेवर नेतो. आमच्या संघातले दोन्ही कोपरे एकाच वर्षी नोकरीला लागले आणि संघ सुटला. लोक म्हणाले वाट लागली. पण कव्हरला जो दादा होता तो राहिला. त्याने नव्या पोरांना चढाई चालू असताना बोलून बोलून उभं केलं. हरलो, पण धुतले गेलो नाही.

तर प्रश्न असा विचारा, की राहिलेल्या तिघांत तो दादा कोण? मला तर डाउन्स वाटतो. अलाबामात पहिल्याच वर्षी खेळला, तिथले प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले तेव्हा इकडे आला. गेल्या ऑक्टोबरात ओरेगॉनने ३२-३१ हरवलं, त्यानंतर नोल्सनी मांडणी बदलली, डाउन्सला पुढे आणून जागोजागी वापरायला लागले. पुढे कुणालाही २३ च्या वर जाता आलं नाही.

कोलंबसकर (१७ ऑगस्ट)

डावा कोपरा, कबड्डी पटली, निष्कर्ष नाही पटला. तुमचा दादा सात जणांत एक होता. इथे अकरा आहेत, आणि डाउन्स सगळ्यांच्या मागे सेफ्टीला. पुढच्या चौघांनी क्वार्टरबॅकला घाई केली नाही तर मागे साक्षात मारुती उभा केलात तरी उपयोग नाही. चेंडू फेकायला चार सेकंद मिळाले की कुणीतरी मोकळा सापडतोच. गेल्या वर्षी ते चार सेकंद मिळू दिले नाहीत ते गेलेल्या चौघांनी.

आकडेमोड (१७ ऑगस्ट)

आणि ओरेगॉनच्या त्या सामन्यात? तेच चौघे पुढे होते, तोच अनुभवी बर्क मागे होता. इव्हान स्टुअर्टने त्याला पुन्हा पुन्हा मागे टाकलं. सगळे चौथ्या-पाचव्या वर्षाचे, तरी ३२ गुण. तुम्ही जानेवारीतला संघ डोळ्यांपुढे ठेवता, ऑक्टोबरातला विसरता.

कोलंबसकर (१७ ऑगस्ट)

विसरलो नाही. त्या धक्क्यातून सावरले, कारण अनुभवी होते. तेच तर म्हणतोय.

आकडेमोड (१७ ऑगस्ट)

म्हणजे चांगले खेळले तर अनुभवामुळे, वाईट खेळले तरी अनुभवामुळेच सावरले. मग वाद कशावर घालायचा ते तरी सांगा.

नाशिकचा माजी बकाय (१८ ऑगस्ट)

२००९ ते ११ ओहायो स्टेटला एमएस केलं (तिथल्यांना बकाय म्हणतात), आता गंगापूर रोडवर बसून रात्री जागतो. तुम्ही सगळे खेळाडूंवर भांडताय, मला प्रशिक्षकाचं बोलू द्या.

पॅट्रिशियाचं नाव काढलं की लोक डेट्रॉइट काढतात. बरोबरच आहे. एनएफएलच्या डेट्रॉइट लायन्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून १३ विजय, २९ पराभव, एक बरोबरी, आणि २०२० मध्ये मोसम संपायच्या आत नारळ. २०२३ ला ईगल्सचा बचाव मोसमाच्या अखेरीस त्यांच्या हातात आला, तोही घसरतच गेला. पण मुख्य प्रशिक्षक होणं आणि बचाव लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. चांगला हेडमास्तर नसलेला माणूस गणित उत्तम शिकवू शकतो. न्यू इंग्लंडमध्ये २०१२ ते १७ मुख्य प्रशिक्षक बेलिचिकच्या हाताखाली बचाव त्यांच्याकडे होता. माणूस मुळात एरोनॉटिकल इंजिनिअर, कानामागे पेन्सिल खोचून फिरायचा.

माझी भीती वेगळी आहे. एनएफएलमध्ये खेळाडूला दिवसभर हेच काम. कॉलेजात पोराला तासिका असतात, सरावाच्या तासांवर मर्यादा असते. तिथली जाडजूड वही इथे उघडली तर पोरं विचार करत उभी राहतील आणि चेंडू बाजूने निघून जाईल. पॅट्रिशियांनी वहीतली चार पानंच काढली तर आठ नवे असूनही निभेल.

२०२१ चा बचाव विसरलात का रे? ओरेगॉनने घरी येऊन ३५ केले, मिशिगनने ४२. मैदानावर पोरं एकमेकांकडे बघून हात पसरत होती. तेव्हा गुणी पोरं कमी नव्हती, काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. त्यानंतरच तर नोल्सना ओक्लाहोमा स्टेटहून आणलं.

निळा-पिवळा (१८ ऑगस्ट)

४२-२७. आठवण काढल्याबद्दल आभार. 🙏

कन्येची आई (१९ ऑगस्ट)

मुलगी तिथे दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून हा धागा वाचते. एक प्रापंचिक प्रश्न. त्या शनिवारी ३० तारखेला इथल्या मराठी मंडळींचा गणपती आहे, आरती बाराला. सामनाही बाराला. कुणी ठरवलं हे?

आणि एक सांगते. तुम्ही ‘गेले, गेले’ म्हणून रडताय, पण चार-पाच वर्षं राहून पदवी घेऊन पोरं पुढे गेली यात वाईट काय? कॉलेज आहे ना ते? जुलैपासून कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात म्हणे, तरी शेवटी जायचंच असतं.

कोलंबसकर (१९ ऑगस्ट)

ताई, वाईट काहीच नाही. रडतोय ते स्वतःसाठी. आरती साडेदहाला घ्यायला सांगा, मोदक मध्यंतराला.

डावा कोपरा (३१ ऑगस्ट)

धागा वर काढतोय. ओहायो स्टेट १४, टेक्सास ७. समोर देशात पहिल्या क्रमांकाचा संघ होता आणि त्यांचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग.

कोलंबसकर आहेत का घरात?

आकडेमोड (३१ ऑगस्ट)

टेक्सासने चौथ्या प्रयत्नात पाच वेळा जुगार खेळला, एकदाच साधला. तिसऱ्या सत्रात तर एका यार्डावरून मॅनिंगला आत घुसू दिलं नाही. एक यार्ड! बाकावर तयार होत नाहीत म्हणे माणसं.

नाशिकचा माजी बकाय (३१ ऑगस्ट)

रात्री साडेनऊला बसलो, एकला उठलो, घसा बसलाय, बायको बोलत नाही.

मी ज्याला घाबरत होतो ते झालं नाही. चेंडू खेळात येण्याआधी सगळे एका जागी उभे आणि आला की भलतीकडेच. मॅनिंगला काय दिसतंय तेच कळेना. त्याचा एक पास मॅथ्यूजने मध्येच पकडला. वहीतली पानं चारच असतील, पण नेमकी निवडली. डावा कोपरा, तुमचा कव्हरवाला दादा प्रत्येक डावाआधी हातवारे करून पोरांना हलवत होता, पाहिलंत ना?

निळा-पिवळा (३१ ऑगस्ट)

अभिनंदन. पण यार्ड कुणी मोजले का? टेक्सास ३३६, तुम्ही २०३.

कोलंबसकर (३१ ऑगस्ट)

आहे, घरातच आहे. आरतीला गेलो होतो. तीही बाराचीच ठेवली होती, त्यामुळे पहिलं सत्र फोनवर, टाळ्यांच्या आडून.

विसाचा अंदाज पहिल्याच सामन्यात तोंडावर पडला हे कबूल. करी आणि रीसला मी कमी लेखलं, हेही कबूल. एक यार्डाचा तो अडवलेला प्रयत्न मी रात्री तीनदा पाहिला. सॉयर नव्हता तरी कुणीतरी होतं.

पण निळा-पिवळा जे म्हणतोय ते टोचतंय. ३३६ यार्ड दिले म्हणजे ते सरकत होते, दारात येऊन थांबले. मॅनिंगचा हा हंगामातला पहिलाच सामना. असे पास त्याने नोव्हेंबरात चुकवले नसते. १ नोव्हेंबरला पेन स्टेट इथे येतंय, नोल्सना घेऊन. इथल्या प्रत्येक पोराची खोड त्या माणसाला पाठ आहे. आणि महिनाअखेर अ‍ॅन आर्बर.

विसाचे अठरा करतो. त्याखाली येणार नाही.

आकडेमोड (३१ ऑगस्ट)

लिहून ठेवलं.