विकणे आहे: १९७२ची एल कामिनो (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

प्रेषक: अविनाश, फ्रीमॉन्ट

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाहून नेणारी आमची मरून गाडी विकायला काढली आहे. घर लहान करतोय, नव्या जागी एकाच गाडीचं गॅरेज आहे आणि तिथे हिची कॅम्री राहणार हे ठरलेलं आहे.

शेव्हरोले एल कामिनो कस्टम, १९७२. इंजिन ३५० क्युबिक इंच व्ही-८, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, तीन गिअरची ऑटोमॅटिक, पुढे डिस्क ब्रेक. लांबूनच पाहिलेल्यांसाठी: तोंड शेव्हेल कारचं, मागे पिकअपचा हौदा. चासी शेव्हेलच्या स्टेशन वॅगनची, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११६ इंच. इतर पिकअपसारखा हौदा वेगळा बसवलेला नाही, केबिनचा पत्रा तसाच मागे जातो. म्हणून चालवताना कारच वाटते.

इंजिन मूळचं आहे, बाकी बरंच हौसेनं बदललेलं. मूळ रंग हिरवा होता. बॉनेट फुगवट्याचं, चाकं १७ इंची, गाडी दोन इंच खाली घेतलेली, हौद्यावर काळं झाकण. सीट एकसलग बाकासारखी, नव्याने शिवलेली. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात आणि मागच्या काचेच्या खालच्या कडेला गंज होता, तिथे पत्रा कापून नवा जोडला आहे. टेलगेटच्या आत अजून थोडा आहे. ओडोमीटर पाच आकडी, त्यामुळे एक लाखानंतर तो पुन्हा शून्यावर येतो. आत्ता ४१ हजार दिसतात, त्यावर विश्वास ठेवू नका.

किंमत २२,००० डॉलर. थोडं इकडेतिकडे होईल, फार नाही.

---

प्रेषक: निखिल, सॅन होजे

काका, फोटोत ग्रिलवर एसएसचा (सुपर स्पोर्ट, म्हणजे महागडं स्पोर्ट मॉडेल) बिल्ला दिसतोय आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखच नाही! खरी एसएस असेल तर तुम्ही फारच स्वस्तात देताय. दुसरं, नेटवर या इंजिनाची ताकद १७५ हॉर्सपॉवर लिहिली आहे. आमची सिएना मिनिव्हॅन २४५ची आहे हो.

---

प्रेषक: अविनाश, फ्रीमॉन्ट

निखिल, एसएस नाही, म्हणून लिहिलं नाही. बिल्ले आधीच्या मालकाने लावले. विकत मिळतात. हवे तर काढून देतो.

कुठलीही एल कामिनो बघायला जाशील तेव्हा उपयोगी पडेल म्हणून सांगतो. १९६८च्या एसएसची मालिकाच वेगळी होती, व्हीआयएन, म्हणजे गाडीचा कारखान्यातला नंबर, १३८८०ने सुरू होतो. १९६९पासून एसएस हे फक्त जादा पैशांचं पॅकेज झालं आणि नंबरावरून ओळखायची सोय गेली. १९७२च्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. डब्ल्यू असेल तर ४५४ क्युबिक इंचाचं, आणि ते इंजिन एसएसशिवाय मिळतच नव्हतं, म्हणजे तिथे प्रश्न मिटला. माझ्या गाडीचा नंबर १डी८०जे२ असा सुरू होतो. जे म्हणजे चार बॅरलचं ३५०, ते एसएसमध्येही यायचं आणि साध्या गाडीतही. मग उरतो कारखान्याचा कागद, बिल्ड शीट. पेट्रोलची टाकी उतरवली तेव्हा तिच्या माथ्यावर चिकटलेला सापडला. फाटका आहे, पण पॅकेजांचा रकाना वाचता येतो, आणि त्यात झेड१५, म्हणजे एसएस पॅकेजचा कोड, नाही. बिल्ला बघून जास्तीचे पैसे मोजणारे मी पाहिले आहेत. 'एसएस आहे' म्हणणाऱ्याकडे कागद माग, नसेल तर साध्या गाडीचा भाव दे.

हॉर्सपॉवरचं म्हणशील तर १९७१पर्यंत ग्रॉस आकडा छापायचे, म्हणजे इंजिन स्टँडवर, नेहमीचा सायलेन्सर, एअर क्लीनर वगैरे काही न जोडता. १९७२पासून शेव्हरोले फक्त नेट आकडा, म्हणजे हे सगळं जोडून मोजलेला, द्यायला लागली. त्यामुळे कागदावर जेवढी पडझड दिसते तेवढी रस्त्यावर झाली नव्हती. तुझी सिएना सिग्नलला पुढे जाईल हे मात्र खरं. जाऊ दे.

---

प्रेषक: मेधा, क्युपर्टिनो

अविनाशराव, आमच्या ह्यांच्या डोळ्यांत चमक दिसायला लागली आहे, म्हणून मीच विचारते. स्मॉगचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं काय? आमच्या एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) पिकअप चालत नाहीत. आणि नातवाची सीट बसेल का?

---

प्रेषक: अविनाश, फ्रीमॉन्ट

मेधाताई, कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट लागत नाही. एचओएची नियमावली मात्र नीट वाचा. माझ्या गाडीला पिकअपची, म्हणजे कमर्शियल नंबरप्लेट आहे, आणि काही ठिकाणी तेवढ्यावरून नोटीस येते.

नातवाला नको. मागे सीटच नाही आणि लहान मुलांची सीट अडकवायचे हूक त्या काळी नव्हते.

विमा नेहमीचा घेऊ नका. गाडी गेली तर जुनी म्हणून किरकोळ पैसे हातावर ठेवतील. जुन्या गाड्यांसाठी आधीच रक्कम ठरवून घेतलेली पॉलिसी मिळते. अट साधारण अशी की गाडी गॅरेजमध्ये ठेवायची आणि रोज ऑफिसला न्यायची नाही.

---

प्रेषक: श्रीकांत, डब्लिन (कॅलिफोर्निया)

मेलबर्नमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून राहवत नाही. कारला पिकअपचा हौदा द्यायची ही कल्पना अमेरिकेची नव्हे! ऑस्ट्रेलियात फोर्डच्या जीलाँग कारखान्यात ल्यूइस बँट या तरुण डिझायनरने १९३४ला पहिली 'यूट' केली. रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरं घेऊन बाजाराला, अशी एकच गाडी हवी असं एका शेतकरणीने पत्रात लिहिलं होतं म्हणतात. अमेरिकेत फोर्डची रँचेरो आली १९५७ला आणि एल कामिनो १९५९ला. इकडे १९८७ला संपलं, तिकडे होल्डन कंपनीने २०१७पर्यंत चालू ठेवलं. इथे लोकांना हे खेचर कधी कळलंच नाही.

---

प्रेषक: निखिल, सॅन होजे

काका, शनिवारी सकाळी येऊ का? मित्राला आणतोय, त्याला जुन्या गाड्यांतलं कळतं. तो म्हणतो, आम्ही यायच्या आधी इंजिन सुरू करू नका.

---

प्रेषक: अविनाश, फ्रीमॉन्ट

मित्र शहाणा आहे. नऊला या, बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा. थंड असताना अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल एकदा पूर्ण दाबून सोडायचं म्हणजे चोक लागतो, मग किल्ली फिरवायची. पहिली काही मिनिटं धसमुसळेपणा करते, मग शांत होते.

येताना चुंबक आणि टॉर्च आणा. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्र्याऐवजी पुटी आहे असं समजा. हौद्याच्या पुढच्या टोकाला खाली एक झाकण आहे, वॅगनमध्ये जिथे मागच्यांचे पाय जायचे तो खड्डा त्याखाली आहे. बरेच लोक ते उघडतच नाहीत आणि गंज तिथेच लपतो. तेलाच्या पावत्याही काढून ठेवतो. या इंजिनाच्या कॅमशाफ्टला जस्त जास्त असलेलं तेल लागतं, आजचं साधं तेल घातलं तर कॅम झिजतो.

जमलं तर पैशाचं सोमवारी तुझ्या बँकेत करू. कॅशियर्स चेक (बँकेच्या हमीचा चेक) माझ्यासमोर निघाला की पिंक स्लिपवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तिथेच सही करतो. सेल्स टॅक्स तुला डीएमव्हीत (गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी कचेरीत) भरावा लागेल, तो २२,०००मध्ये धरलेला नाही.