लोक येत नाहीत की आपण जात नाही?

"तपासणी शिबिरं घेतो पण लोकच येत नाहीत, त्यांना तब्येतीची काळजीच नाही" असं आरोग्य शिबिरं घेणारे म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. लोक जिथे आधीपासून मोकळेपणाने बसतात तिथे आपण गेलो का? लॉस एंजेलिसमधला सलूनचा प्रयोग बघा, 2018 मध्ये निकाल आले, 52 सलून, हाय बीपी असलेले 319 कृष्णवर्णीय पुरुष, आणि फार्मासिस्ट थेट सलूनमध्येच येऊन बीपी मोजायचे, औषध सुरू करायचे, डोस वाढवायचे (डॉक्टरांशी आधीच ठरवून घेतलेलं होतं). सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी 27 ने उतरलं आणि जिथे न्हावी फक्त "खाणंपिणं सांभाळ, डॉक्टरांकडे जा" सांगत होते तिथे साधारण 9 ने. म्हणजे ओळखीच्या माणसाचा नुसता सल्ला पुरत नाही, उपचार पण तिथेच मिळायला हवा! बहुतेक कार्यक्रम पत्रकं वाटून थांबतात ना, त्याचंच वाईट वाटतं. आणि वस्तीतल्या लोकांची भाषा वेगळी असते, त्याचं म्हणाल तर पत्रकाचं भाषांतर करून काही होत नाही हो, त्या वस्तीतलीच माणसं नीट पगार देऊन कामाला घ्या, फुकट स्वयंसेवक म्हणून किती दिवस राबतील ती?