काचबिंदूचे थेंब सुरू झाल्यापासून आईची धाप वाढली आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६७) जुना दमा आहे. सकाळ-संध्याकाळ ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप, धाप लागलीच तर लेव्होसाल्ब्युटामॉल, एवढ्यावर ती व्यवस्थित असते. गेल्या महिन्यात काचबिंदू निघाला आणि टिमोलॉल ०.५ टक्के थेंब दिवसातून दोनदा सुरू झाले. तेव्हापासून रात्री घरघर आणि खोकला. त्याहून काळजी याची वाटते की लेव्होसाल्ब्युटामॉल घेऊनही तिला पूर्वीसारखं मोकळं वाटत नाही.

खोक्यातला कागद वाचला. टिमोलॉल बीटा ब्लॉकर आहे, दमेकऱ्यांना देऊ नये असं त्यात स्पष्ट लिहिलंय. डोळ्यात टाकलेला थेंब छातीपर्यंत पोचतो कसा? पंप लागू पडत नाही तो यामुळेच का? डॉक्टर सोमवारी भेटणार आहेत. नजरेचा प्रश्न असल्याने परस्पर थेंब बंद करायला मन धजत नाही.

प्रतिसाद १

मी औषधशास्त्र शिकवते. सोमवारपर्यंत थांबू नका. पुढचा थेंब टाकायच्या आधी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करा, लागला नाही तर दम्याच्या डॉक्टरांना. बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसले तर फोनही नको, थेट इस्पितळ गाठा.

आता तुमचे प्रश्न. थेंबाचा थोडाच भाग डोळ्यात राहतो. बाकीचा अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथल्या अस्तरातून सरळ रक्तात जातो. गोळी घेतली तर पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे तिचा बराच भाग निकामी होतो. थेंबाच्या वाटेत यकृत लागतच नाही, त्यामुळे एवढीशी मात्रासुद्धा जाणवते.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरची, औषध जिथे बसून काम करतं ती जागा. बीटा रिसेप्टर मुख्यतः दोन जातींचे: हृदयावर बीटा-१, श्वासनलिकांच्या स्नायूंवर बीटा-२. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) तयार होण्यातही बीटा रिसेप्टरचा हात असतो. ते रिसेप्टर अडवले की पाणी कमी बनतं, डोळ्यातला दाब उतरतो. पण टिमोलॉल एक-दोन असा भेद करत नाही. तुमचा पंप बीटा-२ ला चालना देऊन नलिका सैल करतो. टिमोलॉल त्याच जागी बसतं आणि काहीच करत नाही. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा तसं: सीट रिकामी, पण बसता येत नाही. म्हणून पंप कमी पडतोय, ही तुमची शंका मला रास्त वाटते. नाडीही मोजून ठेवा, बीटा-१ अडल्याने ती मंदावते.

लॅटानोप्रोस्टबद्दल विचारा. ते प्रोस्टाग्लँडिनच्या रिसेप्टरवर काम करतं आणि पाण्याचा निचरा वाढवतं, बीटाच्या वाटेला जात नाही. रात्री एकदाच टाकायचं असतं.

धागाकर्ता

मनापासून आभार, ताई. फोन लागला. टिमोलॉल बंद, आज रात्रीपासून लॅटानोप्रोस्ट. नाडी ५८ आहे, तीही सांगितली. पण केमिस्टने दिलेल्या बाटलीवर लॅटानोप्रोस्टखाली बारीक अक्षरात 'टिमोलॉल मॅलिएट' पण छापलंय. हीच टाकायची का?

प्रतिसाद १

नाही! ती दोन औषधं एकत्र असलेली बाटली आहे. नावं इतकी सारखी असतात की दुकानात अशी गफलत सहज होते. परत करा आणि नुसतं लॅटानोप्रोस्ट घ्या. ब्रिमोनिडिन किंवा डॉर्झोलामाइड हे काचबिंदूचे दुसरे थेंब लिहून दिले तरी आतले घटक वाचा, त्यांच्या जोडीलाही टिमोलॉल असतं. आणि आईंच्या फाइलवर पहिल्याच पानावर ठळक लिहा: दमा आहे, बीटा ब्लॉकर देऊ नये, थेंबसुद्धा.