रास्पबेरी पाय: बूट होताना सिरियल पोर्टच्या परमिशन बदलतात, मदत हवी आहे

पंपघर:
मंडळी, सोसायटीच्या पंपघरात रास्पबेरी पाय ३ (छोटा संगणक) बसवलाय, त्यावर बुल्सआय ही ओएसची आवृत्ती आहे. जीपीआयओ १४-१५ या सिरियल पोर्टच्या पिनांना आरएस४८५ मॉड्यूल (लांब वायरवरून सिरियल डेटा नेणारं), पुढे मॉडबस पद्धतीने बोलणारा वीजमीटर. रीडिंग घेणारी पायथॉन स्क्रिप्ट सिस्टिमडी सर्व्हिस म्हणून (म्हणजे बूट होताना आपोआप सुरू होणारी) साध्या युजरच्या नावाने चालते. लाइट जाऊन आली की पाय आपोआप सुरू होतो आणि स्क्रिप्ट 'परमिशन डिनाइड' म्हणून आपटते. युजर डायलआउट ग्रुपमध्ये (ज्याला सिरियल पोर्ट वापरता येतो) आहे. हाताने सीएचमॉड ६६६ मारलं (पोर्ट सगळ्यांना वाचायला-लिहायला खुला केला) की चालते, पण तेव्हाही मधूनच रीडिंग अर्धवट येतं. तीच ओळ बूट होताना चालणाऱ्या आरसी-लोकल फाईलमध्ये टाकली, काही फरक नाही. यूडेव्हचा (डिव्हाइसच्या फाईलींचे मालक-परमिशन ठरवणारा प्रोग्राम) नियम लिहिला, तोही टिकत नाही. रोज खाली उतरून सीएचमॉड कोण मारणार? वॉचमन काका आता लॅपटॉप दिसला की हसतात.

खटपट्या:
परमिशन नेमकी कुठल्या फाईलची बघताय? पोर्टचं सिरियल० हे नाव म्हणजे नुसती लिंक आहे, तिच्यावर कायम ७७७ च दिसणार. फाईलींची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडला मोठा एल द्या म्हणजे लिंकमागची खरी फाईल दिसेल. मालक, ग्रुप, मोड तिन्ही टाका.

पंपघर:
खरी फाईल टीटीवायएस०. मालक रूट, ग्रुप टीटीवाय, मोड ६२०. डायलआउटचा पत्ताच नाही!

खटपट्या:
मग यूडेव्हला दोष देऊ नका. त्याने डायलआउट आणि ६६० (मालक आणि ग्रुप दोघांना वाचणं-लिहिणं) बरोबर दिलं होतं, नंतर गेटी या लॉगिन दाखवणाऱ्या प्रोग्रामने पोर्ट ताब्यात घेतला. कोणी सिरियल केबल लावून लॉगिन करेल या आशेने ती तिथे बसते आणि बसताना फाईल रूट-टीटीवायच्या नावावर करून मोड ६२० करते. आरसी-लोकलचं कोडंही यातच आहे: सिरियल गेटीच्या सर्व्हिसमध्ये 'आरसी-लोकलनंतर' असंच लिहिलेलं असतं, म्हणजे तुमचं सीएचमॉड आधी होतं आणि ती मागून येऊन पुसते. युजरला टीटीवाय ग्रुपमध्ये घालूनही भागणार नाही, ६२० मध्ये ग्रुपला फक्त लिहिता येतं, वाचता येत नाही.

परमिशनशी झटापट सोडा, पोर्ट मोकळा करा. ६६६ केल्यावरही गेटी तिथेच असते, मीटरचं उत्तर येताना त्यातले काही बाइट ती खाते. अर्धवट रीडिंग त्याचंच असणार.

रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये इंटरफेस ऑप्शन्स, सिरियल पोर्ट. लॉगिन शेलला 'नाही', हार्डवेअरला 'हो', मग रीबूट. याने बूट फोल्डरमधल्या सीएमडीलाइन फाईलमधून (बूट होताना कर्नलला, म्हणजे ओएसच्या गाभ्याला, दिलेल्या सूचना) 'कन्सोल=सिरियल०,११५२००' निघून जातं. (बुल्सआयनंतरच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती फाईल बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये असते.) गेटीची सर्व्हिस नुसती डिसेबल करू नका, सीएमडीलाइनमध्ये कन्सोल दिसला की सिस्टिमडी ती पुढच्या बूटला परत उभी करतो. मास्क केलीत (सुरूच होऊ दिली नाहीत) तर ती थांबेल, पण कर्नलचे मेसेज मीटरच्या वायरवर जातच राहतील.

सोल्डरचा_धूर:
खटपट्या यांच्याशी सहमत. एक भर: पाय ३ वर चांगला यूआर्ट (सिरियल पोर्ट चालवणारं हार्डवेअर) ब्लूटूथकडे असतो, पिनांवर येतो तो मिनी यूआर्ट. त्याला पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) जमत नाही. मॉडबसचे बरेच मीटर ईव्हन पॅरिटीवर सेट असतात. ब्लूटूथ लागत नसेल तर कॉन्फिग फाईलमध्ये 'डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी' टाका, सिरियल० आपोआप टीटीवायएएमए० कडे वळेल. स्क्रिप्टमध्ये सिरियल० च लिहा, म्हणजे हलवाहलव नको.

पंपघर:
दोन्ही केलं. मेन स्विच पाडून परत चढवून बघितलं, ग्रुप डायलआउट, मोड ६६०, स्क्रिप्ट सुरू. मीटरला ईव्हन पॅरिटीच होती. आरसी-लोकलमधली ओळ आणि यूडेव्हचा नियम दोन्ही उडवले. आता व्होल्टेज २३०० च्या आसपास दिसतंय, रजिस्टरला दहाने भागायचं असणार. मॅन्युअल बघतो. धाग्याला 'सुटला' अशी खूण कुठून करायची?