आवडत्या दिग्दर्शकाला गाठायचा आटापिटा: तुमचे अनुभव लिहा

मावशीबाई:
भाची मास कॉम करतेय, प्रोजेक्टसाठी एका दिग्दर्शकाची मुलाखत हवीय, तर इन्स्टावर मेसेज टाकून डोळे लावून बसलीय. "सीन केलंय गं मावशी, रिप्लाय नाही." मला एकदम १९९८ आठवलं. पुण्यात महिन्याभराचा फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स करून माझ्या डोक्यात हवा गेलेली. टेलिफोन डिरेक्टरीतून आडनाव काढलं आणि एसटीडी बूथवरून लावत सुटले, समोर मीटर पळतंय. लागला तो त्यांचा चुलतभाऊ, विमा एजंट! नंबर दिला त्याने, पण आधी पॉलिसी समजावून.
घरी गेले तर ऐन रंगात आल्यावर टेपरेकॉर्डरचे सेल संपले. सर उठले, टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून दिले. मग काय, काकूंच्या सिरीयलची वेळ झाली नि रिमोट चालेना. पुढची अख्खी टेप काकूंचीच आहे.
तुम्ही कोणाला कसं गाठलंत?

तिखटमीठ:
इन्स्टा सोड म्हणावं. क्रेडिट लिस्टमधलं असिस्टंटचं नाव शोध. त्या बिचाऱ्याला कोणी विचारत नाही, चहा पाजला की नंबरच काय, उद्याचं लोकेशनपण सांगतो

जिना_क्र_२:
जानेवारीत पिफला (पुण्याचा फिल्म फेस्टिव्हल) पिक्चर संपल्यावर सगळे स्टेजपाशी घोळका करतात, मी बाहेर लिफ्टपाशी उभी राहिले. सर म्हणाले खाली जाईपर्यंत विचार काय ते. लिफ्ट बंद!! जिन्याने गेलो. तेवढ्यावर प्रोजेक्ट झाला

बारामतीकर:
आमच्या मातोश्रींचा सल्ला: जब्बार पटेलांना भेटायचंय ना, मग दौंडला जा आणि धाकट्याला सर्दी झालीय म्हणून केसपेपर काढ. बालरोगतज्ज्ञ ना ते! 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' केले तरी आईसाठी आधी डॉक्टर. नाही गेलो. धाकटा तेव्हा २१ वर्षांचा होता 😂

तिखटमीठ:
😂😂 आई रॉक्स

निनावी_बरा:
मला एका मोठ्या माणसाने (नाव नको) वेळ देऊन देऊन टांग मारली. वॉचमनशी मात्र इतकी ओळख झाली की त्याच्या मुलीच्या लग्नाला जेवून आलो. मुलाखत राहिली ती राहिलीच

क्लॅपवाली:
दुसऱ्या बाजूने सांगते, मी असिस्टंट होते आणि सरांचे मेल मीच बघायचे. "सर मी तुमची खूप मोठी फॅन, तुमचा प्रवास सांगा", असले मेल मी पुढे पाठवायचेच नाही, कारण प्रवास दहा ठिकाणी छापून आलेला असायचा. एका पोराने फक्त एवढंच विचारलं होतं, शेवटच्या सीनमध्ये बाई निघून जाते तेव्हा दार उघडं का ठेवलंत, वारा तर नव्हता. सरांनी स्वतः फोन लावला त्याला! कॅमेरामनशी त्याच दारावरून भांडण झालेलं, ते सांगत बसले तासभर. भाचीला म्हणावं पिक्चर परत बघ आणि एकच प्रश्न पाठव.

मावशीबाई:
वाचून दाखवलं तिला. "परत तीन तास?" म्हणाली, पण लावलाय आत्ता

जुनापुराणा:
पुण्यात असेल तर लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हच्या लायब्ररीत बसवा. १९६४ची संस्था आहे, जुनी कात्रणं, बुकलेटं बघायला मिळतात. निदान शंभरदा विचारलेलं तरी विचारणार नाही

तिखटमीठ:
लॉ कॉलेज रोडला गाडी लावायला जागा मिळाली तर त्याचाही धागा काढा प्लीज

बारामतीकर:
रिक्षा करा हो. कुकर झाला, पळतो